परत येणारी नजर

अगं, डॉक्टरांनी तुझ्या कागदावर ‘रेटिनायटिस पिगमेंटोझा’ असं लांबलचक नाव लिहिलं आणि तेव्हापासून तू धड जेवत नाहीस, हे तुझ्या आईने मला सांगितलं. माझ्याही कागदावर तेच नाव आहे, तुला ठाऊकच आहे. म्हणून ‘होईल सगळं नीट’ असं म्हणायला मी आलेली नाही. तुझ्याशी मनातलं आणि कामाचं, दोन्ही बोलायचंय.

आधी मुद्द्याचं सांगते. नजर दोन तऱ्हांनी जाते. एक परत आणता येते, एक येत नाही. आपली बरीचशी दुसऱ्या तऱ्हेची. तेव्हा तुझ्यामाझ्यापुढे दोन कामं आहेत. एक, आपलं जगणं नजरेची वाट बघत खोळंबून ठेवायचं नाही. दुसरं, आपल्या आसपास ज्याची नजर परत येऊ शकते, त्याला खोळंबू द्यायचं नाही. पहिलं काम नीट जमलं की दुसऱ्याला बळ येतं. आणि खरं सांगू? दुसरं करता करता पहिलंही सोपं होतं.

आपला आजार काय आहे ते समजून घे, म्हणजे भीती आपल्या मापात राहील. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. कमी उजेडात बघणाऱ्या पेशी आपल्यात आधी निकामी होऊ लागतात. लहानपणी लाइट गेली की सगळी पोरं अंगणात धावायची आणि तू भिंत चाचपत उभी राहायचीस, ते त्यामुळेच. तो घाबरटपणा नव्हता. पुढे बाजूचं दिसणं हळूहळू आकसतं, नळीतून पाहिल्यासारखं होतं. पण मधलं, समोरचं दिसणं बहुतेकांचं बरीच वर्षं टिकतं. त्या वर्षांत खूप काही करून होतं.

दर वर्षी तपासणी मात्र चुकवू नकोस. ‘यावर इलाजच नाही, मग डॉक्टरकडे जायचं कशाला?’ असं घरचे म्हणतील. ऐकू नकोस. आपल्या आजारात मोतीबिंदू लवकर होऊ शकतो, आणि तो काढता येतो. पडद्याच्या मधल्या भागाला सूज येऊ शकते, तिच्यावर औषध आहे. म्हणजे आपल्याही नजरेत परत मिळवता येण्यासारखा एखादा वाटा असू शकतो, आणि तो आळसाने घालवायचा नसतो. शक्य झालं तर जनुकीय तपासणीही करून घे. २०१७च्या डिसेंबरात अमेरिकेत एका जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. तो आरपीई-६५ या एकाच जनुकातल्या दोषावर चालतो, सगळ्यांना लागू नाही. पण आपला दोष कुठल्या जनुकात आहे हे माहीत असलेलं बरं. तुझ्या भावंडांचेही डोळे तपासून घ्या. आणि घरात मामाच्या नाहीतर आत्याच्या मुलाशी लग्नाचा विषय निघाला, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. नात्यात लग्न झालं की असा आजार मुलांत उतरण्याचा धोका वाढतो.

कुणी मधाचे थेंब सांगेल, कुणी जडीबुटी, कुणी ‘रातांधळ्यावर हमखास’ म्हणून पुडी देईल. डोळ्यात काहीही घालू नकोस. जीवनसत्त्व ‘अ’च्या मोठ्या डोसच्या गोळ्याही मनाने सुरू करू नकोस. दिवस राहिलेले असताना त्या बाळाला घातक ठरू शकतात.

आता रस्ता. शीळफाट्याला राहायचं म्हणजे रस्त्याशी रोजचा संबंध. कल्याण-शीळ रस्ता, पनवेलकडे जाणारा रस्ता, महापेकडे उतरणारा रस्ता, सगळीकडे कंटेनर, खोदकाम, धूळ. रात्री समोरच्या हेडलाइटने डोळे दिपले की पुढे काही क्षण नुसतं पांढरं दिसतं. हे धोक्याचं आहे, उगीच धीटपणा दाखवू नकोस. नोकरीच्या ठिकाणी दिवसाची पाळी माग, कारण सांगून माग. सिग्नल असेल तिथेच ओलांड, चार पावलं जास्त पडली तरी चालतील. दुभाजकाच्या फटीतून सगळे जातात म्हणून आपण जायचं नाही. शेअर रिक्षात आतल्या बाजूला बस आणि उतरण्याआधी रिक्षावाल्याला सांग, ‘दादा, मला कमी दिसतं, फुटपाथच्या बाजूला घ्या.’ मी हे सांगते तेव्हा बहुतेक जण रिक्षा नीट बाजूला लावतात. न सांगता त्यांना कळणार कसं?

आणि पांढरी काठी घे. तुझ्या चेहऱ्यावरचा नकार मला न बघताच कळला. मुलींना काठीची लाज वाटते, कारण काठी हातात आली की लोकांना कळतं. अगं, कळावं म्हणूनच ती आहे. अर्धवट दिसणाऱ्यांनीही ती वापरायची असते. खड्डा तुला समजावा एवढंच तिचं काम नाही, तू समोर आहेस हे कंटेनरवाल्यालाही समजायला हवं. दिवसा पर्समध्ये घडी करून ठेव, अंधार पडला की काढ. कुणी मदतीला आलं आणि तुझं मनगट धरून ओढायला लागलं, तर थांबवून सांग, ‘तुम्ही मला धरू नका, मी तुमचा कोपर धरते.’ म्हणजे तो पुढे आणि तू अर्धं पाऊल मागे. पायरी आली की त्याच्या हातावरूनच तुला समजतं.

घरातल्या युक्त्या सोप्या आहेत. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटव. भात गडद रंगाच्या ताटात वाढ, चहा पांढऱ्या कपात ओत. गॅसच्या बटणावर बंदची जागा बोटाला लागेल अशी खूण कर. दारं एकतर पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट उघडं दार कपाळावर बसतं. आणि वस्तूची जागा बदलली तर घरच्यांनी मोठ्याने सांगायचं, हा नियम सगळ्यांना लावून दे.

बाजारात नोटांनी फसू नकोस. नव्या नोटा बोटांनी ओळखता येतात. शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. तिन्ही एकावर एक ठेवून कडेचा फरक बोटाला शिकव. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार तिरक्या रेषा, पाचशेवर उठावाचं वर्तुळ आणि पाच रेषा. नोट जुनी, मळकी झाली की उठाव झिजतो. तेव्हा फोन घे. रिझर्व्ह बँकेने २०२०च्या जानेवारीत ‘मनी’ नावाचं ॲप काढलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून दाखवतं. फोनमध्ये स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक सुरू करून आत्ताच सराव कर, दिसतंय तोवर. ब्रेलसुद्धा दिसतंय तोवरच शिकायला घे. मराठीत ब्रेलमध्ये वाचायला काय मिळणार, असं म्हणू नकोस. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ला ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं.

सरकारी कागद कर. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि दिव्यांगत्वाचं ओळखपत्र मिळतं. टक्केवारी चाळीसच्या आत असेल तर पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत असेल तर पिवळं, ऐंशी आणि वर असेल तर निळं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कमी दिसणाऱ्यांनाही जागा आहे, आणि आपल्या आजारात अक्षरं वाचता येत असली तरी बाजूचं दिसणं किती उरलंय हेही मोजलं जातं. तेव्हा ‘अक्षर दिसतंय ना, मग काय झालं’ असं कुणी म्हटलं तर व्हिज्युअल फील्डची तपासणी माग. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा असतात, त्यातला एक टक्का दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी असणाऱ्यांचा. परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. हे उपकार नाहीत, हक्क आहेत. कार्ड काढलं की पोरीचं लग्न जमणार नाही, असं कुणीतरी आईच्या कानात सांगेल. तू ठाम राहा. आणि लग्नाची बोलणी झालीच तर आजार आधी सांग, स्वतःच्या तोंडाने सांग. लपवून जोडलेल्या घरात रोज संध्याकाळी नाटक करावं लागतं. ते आयुष्यभर करणं कुणालाच झेपत नाही.

तुला वाटत असेल, ताई सांगते सोपं. मग आपल्याच ठाणे जिल्ह्यातली एक मुलगी बघ. प्रांजल पाटील, उल्हासनगरच्या. वयाच्या सहाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या, पुढे मुंबईत सेंट झेवियर्समध्ये, मग दिल्लीला जेएनयूत. २०१६मध्ये केंद्रीय लोकसेवा परीक्षेत ७७३वा क्रमांक आला आणि रेल्वेच्या लेखा सेवेने दृष्टीचं कारण सांगून नाकारलं. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि १२४वा क्रमांक मिळवला. २०१९मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. आपण सगळ्या आयएएस होणार नाही, व्हायलाही नको. पण ‘हे काम आंधळीला जमणार नाही’ असं सांगणाऱ्यालाच पुरती माहिती नसते, एवढं यातून पक्कं समज.

आणि वांगणी बघ. बदलापूरच्या पुढचं स्टेशन. तिथे दृष्टिहीनांची कितीतरी कुटुंबं राहतात, लोकलमध्ये कानातली, पेन, चाव्यांची जुडगी विकून घर चालवतात. १७ एप्रिल २०२१ला त्याच स्टेशनवर एका दृष्टिहीन आईचं पोर फलाटावरून रुळावर पडलं. गाडी येत होती. रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके रुळावरून धावले, पोराला वर ढकललं आणि शेवटच्या क्षणी स्वतः वर चढले. मिळालेल्या बक्षिसातला अर्धा वाटा त्यांनी त्या मायलेकांना द्यायचं ठरवलं. त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण बाय, प्रत्येक फलाटावर मयूर शेळके असतीलच असं नाही. म्हणून फलाटाच्या कडेला पायाला लागणाऱ्या पिवळ्या उठावदार फरशा हव्यात, त्यांच्यावर सामान नको, टपऱ्या नकोत, गाड्यांच्या उद्घोषणा स्पष्ट हव्यात. हे मागायला आपण कचरायचं नाही.

इथवर आपलं झालं. आता तुझ्या आजीचं.

तिच्या डोळ्यात पांढरं दिसतंय असं तूच मला म्हणालीस. ती तांदूळ निवडताना खडे राहतात, दारात कोण आलं ते आवाजावरून ओळखते आणि म्हणते, ‘मला आता काय बघायचं राहिलंय?’ हे वाक्य मी शीळपासून काटईपर्यंत किती म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. त्याचा खरा अर्थ असतो, ‘मला घेऊन कोण जाणार? सुनेची रजा कोण भरून देणार?’ घरातली बाई आपल्या डोळ्यांचं सगळ्यात शेवटी बघते. लावणी झाल्यावर, गणपती झाल्यावर, नातीचं लग्न झाल्यावर. तोवर नजर जाते.

२०१५ ते २०१९मध्ये देशभर झालेल्या अंधत्वाच्या सरकारी पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वात ६६ टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या मोतीबिंदूचा निघाला. म्हणजे अंधारात बसलेल्या अशा दर तिघांपैकी जवळपास दोघांना परत दिसू शकतं. मला हा आकडा झोपू देत नाही. माझ्या डोळ्यांवर जी शस्त्रक्रिया कुणी करू शकत नाही, तिच्यापेक्षा कितीतरी साधी शस्त्रक्रिया करून तुझ्या आजीला दिसू लागेल, आणि ती होत नाही ती केवळ सोबत नाही म्हणून!

मोतीबिंदू पिकू द्यायचा, थंडीतच काढायचा, या जुन्या समजुती आहेत. फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून दुखणं येतं, नजर कायमची जाऊ शकते. आज डोळ्यापुरती भूल देऊन थोड्या वेळात काम होतं. गढूळ भिंग काढून कृत्रिम बसवतात. असं भिंग पहिल्यांदा लंडनमध्ये १९४९ साली हॅरॉल्ड रिडली यांनी बसवलं. ते गरिबाच्या आवाक्यात आलं त्यात मदुराईच्या ऑरोलॅबचा मोठा हात आहे. १९९२पासून तिथे स्वस्त भिंगं बनतात. त्यामागचं अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६मध्ये ११ खाटांवर सुरू केलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी त्याच बोटांनी ते शस्त्रक्रिया करायला शिकले. आपल्याकडे जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी गोरगरिबांचे लाखावर डोळे तपासले, मोतीबिंदू काढले. २००८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते जगताहेत ते आईने दिलेल्या मूत्रपिंडावर. स्वतःचं शरीर धड नसलेल्या माणसांनी इतरांना नजर दिली. तेव्हा ‘मलाच दिसत नाही, मी कुणाला काय देणार’ हे तू माझ्यासमोर म्हणायचं नाहीस.

तू काय देऊ शकतेस? सोबत. दिवसा तुझं समोरचं दिसणं चांगलं आहे. फॉर्म वाचता येतो, रांगेत उभं राहता येतं, थेंबांच्या वेळा लिहून ठेवता येतात. शीळ ठाणे महापालिकेत येतं, तेव्हा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय पालिकेचंच. मुंबईत जे. जे. आहे, पनवेलला लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे. जाण्याआधी डोळ्यांच्या ओपीडीचा वार विचारून घे. आधार, रेशन कार्ड आणि आजीच्या साखरेच्या, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेव.

शिबिराचा फलक लागला तर जरूर जा, पण चार गोष्टी विचार. शस्त्रक्रिया नेमकी कुठल्या रुग्णालयात होणार? शिबिरात फक्त तपासणी व्हावी, शस्त्रक्रिया शाळेच्या हॉलमध्ये नाही. आधी साखर, बीपी बघणार का? दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याभराने तपासणार कोण? रात्री दुखलं तर फोन कुणाला करायचा? प्रामाणिक संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल झाला, दुखला, दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी न्यायचं. आणि चुलीचा धूर, रस्त्याची धूळ यांपासून आजीला जपायचं.

सगळंच परत येत नाही, हेही लोकांना सांगत जा. काचबिंदूने गेलेली नजर येत नाही, उरलेली थेंबांनी वाचवता येते. म्हणून चाळिशी ओलांडली की डोळ्यातला दाब तपासायचा, घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. मधुमेह असेल त्याने दर वर्षी पडदा तपासायचा, दिसायला काही त्रास नसला तरी. आपल्या धुळीत पोरांचे डोळे खाजतात, लाल होतात, आणि आया मेडिकलमधून मनानेच थेंब आणतात. त्यांत स्टेरॉइड असेल तर लगेच बरं वाटतं, पण महिनोन्‌महिने घातले तर त्याच थेंबांनी काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो. फाट्यावरच्या गॅरेजांत, फॅब्रिकेशनच्या दुकानांत पोरं चष्म्याशिवाय ग्राइंडर चालवतात. डोळ्यात लोखंडाचा कण गेला की सोबती रुमालाच्या टोकाने काढतो. बुबुळाला जखम होते, पिकते, फूल पडतं. कण रुतलेला असेल तर हात न लावता डॉक्टरकडे जायचं. आणि खायच्या चुन्याच्या पुड्या पोरांच्या हाती देऊ नका. चुना डोळ्यात उडाला तर त्या क्षणी साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहायचं आणि मग दवाखाना गाठायचा.

डोळ्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला पैसे द्यायचे असतील तर थोडे दे, पण बघून दे. संस्था नोंदणीकृत आहे का, पावती देते का, वर्षाचा हिशेब दाखवते का, आणि किती शिबिरं घेतली यापेक्षा शस्त्रक्रियेनंतर किती जणांना किती दिसू लागलं हे सांगते का.

आता एक गोष्ट, जी कळली तेव्हा मला खूप बळ आलं. डोळ्यात फूल पडून ज्यांची नजर गेली, त्यांना दान मिळालेलं बुबुळ बसवता येतं. आणि तुझा-माझा आजार पडद्याचा आहे, बुबुळाचा नाही. आपली बुबुळं स्वच्छ आहेत. आपल्यालाही नेत्रदान करता येतं, बाय! चष्मा असला, मधुमेह असला, मोतीबिंदू काढलेला असला तरी करता येतं. एका माणसाच्या दानाने दोघांना दिसू शकतं. पण नुसता अर्ज भरून भागत नाही, कारण निर्णय शेवटी घरच्यांच्या हातात असतो. म्हणून जेवताना, सगळ्यांसमोर सांगून ठेव. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, नेत्रपेढीला फोन करायचा. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यांच्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. पेढीची माणसं घरी येतात, थोडक्या वेळात काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही, पैसे कुणी घेत नाही. नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर लिहून लाव. आपल्या राज्यात १० जून हा नेत्रतज्ज्ञ डॉ. भालचंद्र यांच्या स्मरणार्थ दृष्टिदान दिन म्हणून पाळतात, २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर देशभर नेत्रदान पंधरवडा असतो. महिला मंडळात, गणपतीच्या मंडपात हा विषय तू काढ. तुझ्या तोंडून लोक ऐकतील.

रडायचं असेल तर रड, मी अडवणार नाही. पण कळव्याची ओपीडी विचारून ठेव, आजीची चिठ्ठी शोध, आणि या आठवड्यात उजेडाच्या वेळी तिला घेऊन माझ्याकडे ये. तिघी मिळून जाऊ. तिचा केसपेपर काढू आणि तुझ्या कार्डाचा अर्जही त्याच दिवशी भरून टाकू.